कडेवरचं भावंड

सात-आठ वर्षांची मुलगी वर्षभराचं मूल कडेवर घेते तेव्हा तिची कंबर एका बाजूला निघते आणि खांदा दुसऱ्या बाजूला उतरतो. मूल टेकायला लागते तेवढी रुंद कंबर तिला अजून आलेली नसते. त्यामुळे मूल सारखं घसरतं आणि दर पाच-दहा पावलांवर ती एक हिसका देऊन त्याला वर घेते. त्या हिसक्याकडे तिचं लक्षही नसतं. मैत्रिणीशी बोलता बोलता, दुसऱ्यांची लंगडी बघता बघता हिसका चालूच. मूलही तिच्या वेणीचं टोक तोंडात धरून निवांत. महाराष्ट्रातली कितीतरी माणसं अशीच वाढली. आईच्या कडेवर कमी, थोरलीच्या कडेवर जास्त.

मुलं वाढवण्याविषयी मराठीत लिहायला बसलं की आधी बाळगुटी येते. सहाण, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, बाळहिरडा, हळकुंड, आणि कशाचे किती वेढे उगाळायचे यावरून सासू-सुनेचे मतभेद. मग कुंची, अंगडं-टोपडं, तीट, मीठ-मोहऱ्यांची दृष्ट, शेक-शेगडी. हे सगळं खरं आहे आणि गोडही आहे. पण सहाणेवर सावकाश उगाळत बसायला घरात रिकामी बाई लागते. ज्या घरातल्या सगळ्याच बाया लावणीला, खुरपणीला, मोळी विकायला किंवा गिरणीत जायच्या, तिथे सकाळचा पहिला प्रश्न गुटीचा नसायचा. ‘पोराला कोण बघणार?’ हा असायचा.

शेतावर त्याचं उत्तर होतं झोळी. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं, त्याची दोन टोकं बांधावरच्या झाडाच्या फांदीला, आणि कापड मिटून मुलाच्या तोंडावर येऊ नये म्हणून वर आडवी घातलेली एक काठी. झोका द्यायला दोरी. दोरीचं दुसरं टोक कोणाच्या हातात? थोरलीच्या. आई चार ओळी पलीकडे वाकलेली, आणि इकडे मुंग्यांची रांग फांदीवरून लुगड्यात उतरली, कावळ्याने फडक्यातली भाकरी नेली, बाळाने झोळी भिजवली, यातल्या प्रत्येक गोष्टीचा जाब थोरलीला. ‘लक्ष कुठं होतं तुझं?’ हे वाक्य तिने वयाच्या सातव्या वर्षापासून ऐकलेलं.

मुंबईच्या गिरण्यांत झाड नव्हतं आणि बांधही नव्हता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात तिथल्या कामगारांत सुमारे पाचातली एक बाई असायची, बहुतेक जणी रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत. १९२२ च्या कारखाना कायद्याखाली कामाचा दिवस अकरा तासांचा होता. अकरा तास, शिवाय जाण्या-येण्याचा वेळ, आणि मागे चाळीतल्या खोलीत सहा महिन्यांचं मूल. गावाहून आजी आणलेली असेल तर ठीक. नसेल तर शेजारीण, नाहीतर पुन्हा थोरलीच. आणि तिच्याच्याने ते आवरेना तर बाळागोळी.

बाळागोळी म्हणजे अफू घातलेली बारीक गोळी. सकाळी एक चाटवली की मूल दुपारपर्यंत गुंगीत पडून राहायचं. रडत नाही, मागत नाही, झिजत जातं. मुंबईच्या कामगार वस्तीत ही चाल इतकी सर्रास होती की सरकारी चौकश्यांमध्ये तिची नोंद पुनःपुन्हा येते. कामगारांच्या स्थितीचा तपास करणाऱ्या रॉयल कमिशनचा अहवाल १९३१ मध्ये आला. त्यात बाळागोळीचा बंदोबस्त आणि कारखान्यांत पाळणाघरं या दोन्ही गोष्टी होत्या. गोळी देणाऱ्या आयांना अडाणी ठरवून मोकळं होणं सोपं होतं, आणि तेव्हाच्या पांढरपेशा लोकांनी ते केलंही. पण त्या बाईपुढे गोळी, उघडा जिना असलेली चाळ आणि बुडणारा रोज एवढ्याच वाटा होत्या.

बाळंतपणाच्या रजेचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला. हिंदुस्थानातला तो पहिला. आदल्या वर्षी कायदेमंडळात विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. त्यातून बाळंतिणीचे काही आठवडे सुटले. पण मूल काही आठवड्यांत कामाला लागत नाही. पुढची पाच वर्षं कोणाच्या हवाली, याला कायद्यात सक्तीची जागा मिळायला १९४८ उजाडावं लागलं. पन्नासहून अधिक बाया कामाला असतील तिथे पाळणाघर हवंच, असं त्या वर्षीच्या कारखाना कायद्याने सांगितलं. तोवर गिरण्यांतल्या बायांची संख्याच घसरणीला लागली होती.

मुलं कामावर जाणाऱ्या आई-बापांच्या मागे एकटी राहिली की काय करतात, याचं एक चोख उत्तर रोमहून आलेलं आहे. तिथल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीतल्या इमारती एका कंपनीने दुरुस्त करून कामगार कुटुंबांना दिल्या. आई-बाप कामाला गेले की पोरं जिन्यात धुडगूस घालत आणि नव्या भिंती रंगवत. मुलांचं काय होतंय यापेक्षा भिंतींचं काय होतंय ही कंपनीची काळजी. म्हणून तिने मुलांना एका खोलीत बसवायचं ठरवलं आणि देखरेखीला एका डॉक्टर बाईंना बोलावलं. ६ जानेवारी १९०७ ला ती खोली उघडली. डॉक्टर बाईंचं नाव मारिया माँटेसरी. आज आपल्याकडे गलेलठ्ठ फी घेऊन चालणाऱ्या माँटेसरी शाळांचा उगम भिंतीवरच्या रेघोट्यांत आहे, हे प्रवेशाच्या रांगेत उभ्या आई-बापांना कुणी तरी सांगायला हवं. निदान घरी गेल्यावर हॉलच्या भिंतीवरून पोराला बोलणी बसणार नाहीत.

माँटेसरींचा विचार आपल्याकडे आला तोही एका बापाच्या काळजीतून. गिजुभाई बधेका काठियावाडातले वकील. १९१३ मध्ये मुलगा झाला आणि याला कोणत्या शाळेत घालायचं हा घोर लागला. भोवतालच्या शाळा म्हणजे छडी. कुणीतरी माँटेसरी पद्धतीवरचं पुस्तक हातात दिलं. वकिली सुटली आणि १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू झालं. मुलांशी एवढं जमलेला हा पुरुष ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशांची आई, या नावाने ओळखला जाऊ लागला.

त्यांच्याकडे १९२३ मध्ये एक मराठी बाई पोचल्या, त्याही पोटच्या लेकीमुळे. ताराबाई मोडक, माहेरच्या केळकर. जन्म १८९२, मुंबईत, प्रार्थना समाजाच्या वळणाच्या घरात. १९१४ च्या बी.ए. लग्न अमरावतीच्या वकिलाशी झालं, पण संसार टिकला नाही. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य होत्या, म्हणजे पगार, बंगला, मान सगळं होतं. लेकीला चांगली शाळा मिळेना म्हणून शोधत शोधत त्या भावनगरला गेल्या, आणि लेकीला तिथे घालून परतण्याऐवजी स्वतःच तिथे राहिल्या. जवळजवळ नऊ वर्षं. ‘नूतन बालशिक्षण संघ’ १९२६ मध्ये उभा राहिला तो या दोघांच्या मेहनतीवर. गुजराती ‘शिक्षणपत्रिका’ निघत होतीच, पुढे ती मराठीतही आली. मुलाला मारू नका, बागुलबुवाची भीती घालू नका, जेवताना सक्ती नको, हे तिथे परोपरीने सांगितलेलं असे. ‘छडी लागे छमछम’वर श्रद्धा असलेल्या पिढीला हे पचायला किती जड गेलं असेल ते वेगळं सांगायला नको.

१९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढलं. मध्यमवर्गीय आयांना ते आवडलं. मुलं स्वच्छ, डबे नीट, साधनं लाकडी, सुबक. चांगलं चाललेलं काम. पण ताराबाईंच्या मनातून खेड्यातलं मूल जाईना, आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी दादर सोडून बोर्डी गाठली.

बोर्डी म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलं, आताच्या पालघरमधलं, डहाणू तालुक्याच्या टोकाचं किनाऱ्यावरचं गाव. सुरूचं बन, शेजारच्या घोलवडात चिकूच्या वाड्या, मागे डोंगराकडे वारल्यांचे पाडे. साल १९४५. त्याच वर्षी या भागात वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. गवतकापणीचा दर पाचशे पौंडांना अडीच रुपये मिळावा ही त्यांची मागणी होती, आणि १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला होता. त्यानंतर अडीच महिन्यांनी, डिसेंबरात, बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. आधार तिथले शिक्षक आचार्य भिसे यांचा. ताराबाईंच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. वय पस्तीस. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, नंतर शिक्षण आणि पुण्यात हुजूरपागेत नोकरी. स्वतःचं मूल नाही. पुढची सत्तेचाळीस वर्षं त्यांनी लोकांची मुलं वाढवली, तीही अशा लोकांची, ज्यांना हे काय चाललंय ते सुरुवातीला कळतच नव्हतं.

बालवाडी उघडली. गावातल्या बऱ्या घरची मुलं आली. हरिजनवाड्यातली मात्र येईनात. निरोप धाडले, घरी जाऊन सांगितलं, तरी नाही. त्या वस्तीतल्या आई-बापांना आपलं पोर तिकडे कोणाला शिवेल, कोण काय बोलेल याचा अनुभव होता, आणि तो बाईंच्या गोड बोलण्याने पुसला जाणारा नव्हता. मग या दोघींनी बालवाडीच उचलून वाड्यात नेली. जागा कुठली असणार? कुणाच्या तरी दारापुढचं शेणाने सारवलेलं अंगण. तिथेच सतरंजी टाकायची, तिथेच मुलं गोळा करायची. तिचं नाव पडलं अंगणवाडी. पुढे देशभर गेलेल्या या शब्दाचा जन्म शाळेला इमारत नसण्यातून झाला आहे.

अंगणातल्या शाळेची सकाळ फळ्याने सुरू होत नसे. आधी पाणी. तोंडं धुवायची, शेंबूड पुसायचा, नखं कापायची, केस विंचरायचे. वाचायला हे सोपं वाटतं. चार वर्षांच्या मुलाची नखं कापून पाहिलेल्या माणसाला विचारावं. एक हात धरला की दुसरा पाठीमागे जातो, दुसरा धरला की मूलच पाठीमागे जातं. विंचरताना उवा निघाल्या की मुलगी रडते, आणि तिची आई दारात येऊन बघते की ही शहरातली बाई माझ्या पोरीच्या डोक्याला हात लावतेय. शिवाशिवीच्या काळात त्या हात लावण्याला काय किंमत होती, ते त्या आयांना ताबडतोब समजलं असणार. ज्या गावात त्यांच्या सावलीचा विटाळ मानत, तिथे कुणी त्यांच्या मुलाला मांडीवर घेऊन कान साफ करत होतं.

साधनांची गोष्ट तर मोठी गमतीची. माँटेसरीची मूळ साधनं म्हणजे घासून गुळगुळीत केलेले लाकडी ठोकळे, दट्ट्या, मनोरे. महाग आणि मागवायला लागणारी. बोर्डीत समुद्र होता. शंख-शिंपले लहान-मोठे लावता येतात, गोटे जड-हलके ओळखता येतात, पानांचे आकार जुळवता येतात. बियांचे रंग निवडायचे, काड्या मोजायच्या, ताडाच्या झावळ्या विणायच्या, ओल्या मातीचे बैल करायचे. एका दगडात किती पक्षी मारता येतात बघा. साधन फुकट, मोडलं तर दुसरं, आणि मुलाला ते आधीच ओळखीचं. शिक्षणशास्त्राच्या मोठ्या ग्रंथांपेक्षा ही युक्ती मला मोलाची वाटते, कारण बाई आजारी पडली तरी समुद्र रोज नवं साहित्य आणून टाकत होता.

अर्थात नैसर्गिक साधनांची नैसर्गिक संकटंही असतात. चिंचोके मोजायला दिले की एखादा नाकात जातोच. मराठी मुलखातल्या कोणत्याही बालवाडीच्या ताईला विचारा. नाकात चिंचोका, कानात ज्वारीचा दाणा, तोंडात पाटीवरची पेन्सिल. पेन्सिल खाण्याची चटक तर इतकी जुनी आणि इतकी सार्वत्रिक की आजचे साठीतले गृहस्थही तिची चव डोळे मिटून सांगतात. माती खाणाऱ्या मुलाला मातीचा बैल करायला दिला तर बैलाचं शिंग आधी जातं. आणि पहिल्या दिवसाचं रडणं! एकाने सूर लावला की सगळी सतरंजी त्यात सामील होते. कुणी का रडतंय हे दोन मिनिटांनी कुणालाच आठवत नाही.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. मोठ्या मुली शाळेत येत नव्हत्या, आणि आल्या तर एकट्या येत नव्हत्या.

१९५७ मध्ये काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारल्यांच्या अगदी मध्ये. समुद्र दूर राहिला, शिंपल्यांची जागा रानातल्या बियांनी आणि पानांनी घेतली. आई-बाप पहाटे मजुरीला जात. मुलगे गुरांमागे. मुलींच्या कडेवर भावंडं. मुलगी शाळेत बसवली तर बाळाला कोण बघणार? आणि बाळासकट बसवली तर ते धडे थोडेच ऐकणार? ते रांगत जाऊन फळ्याखालचा खडू तोंडात घालणार, मधेच शी करणार, आणि सगळा वर्ग तिकडे बघणार. हजेरीपटावर ही मुलगी ‘गैरहजर’. कारणाच्या रकान्यात ‘अनास्था’ लिहून मोकळं होणाऱ्या शिक्षणखात्याला कडेवरचं ओझं कधी दिसलंच नव्हतं.

गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. मुलगे गुरं सोडून शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच कुरणात जायचं. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली बसलीत, मधूनच एखादी गाय कुणाच्या शेतात घुसते आणि गणिताचा तास उठून तिच्यामागे पळतो. मुलींसाठी निघाली विकासवाडी. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. थोरली येताना दोन्ही भावंडं घेऊन येते. कडेवरचं पाळण्यात, बोटाला धरलेलं बालवाडीत, आणि ती स्वतः वर्गात. मधल्या सुट्टीत पाळण्यातल्याला एकदा बघून यायचं, रडत असेल तर थोपटायचं, की पुन्हा वर्गात. एवढीच योजना. तिच्यावर प्रबंध लिहिले गेले, परदेशातून माणसं बघायला आली. मुळात मात्र ती एका मुलीच्या कंबरेवरून मूल उतरवून ठेवण्याची सोय होती.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्राचं नाव ठेवलं अंगणवाडी. अनुताईंनी ते पाहिलं. १९९२ मध्ये त्यांचा शेवट झाला. आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत, एकट्या महाराष्ट्रात लाखाच्या वर.

शहरातल्या मध्यमवर्गाने हाच प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. बाया नोकरीला लागल्या, गावाकडची आजी ब्लॉकमध्ये रमेना, आणि डोंबिवली-ठाण्यापासून पुण्यापर्यंत तळमजल्यावरच्या काकूंची पाळणाघरं उघडली. सकाळी डबा, दुपारी झोप, संध्याकाळी लोकल चुकली की काकूंच्या कपाळावर आठी. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना मात्र ना काकू मिळाल्या ना पाळणाघर. कोयता निघाला की थोरली शाळेतून नाव कमी करून बैलगाडीत बसते, आणि फडाच्या कडेला पुन्हा झोळी लागते.

झोळी अंगणवाडीतही आहे. आता बऱ्याच ठिकाणी डिजिटल काटे आले, नोंदी मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरवर जातात. पण तराजूची जुनी तऱ्हा ज्यांनी पाहिली त्यांना ती विसरता येत नाही. आढ्याला किंवा झाडाच्या फांदीला लोंबकळणारा गोल काटा, खाली आकडा, आणि आकड्याला कापडी झोळी. बाळ झोळीत घातलं की ते पाय झाडतं, काटा सात आणि नऊच्या मध्ये नाचतो, सेविका ‘ए बाळा, गप की जरा’ म्हणत मान वर करून बसते. मदतनीस टाळ्या वाजवते. तिच्याकडे बघायला बाळ क्षणभर थांबतं, आणि तेवढ्यात वजन वाचून घ्यायचं. कधी कधी त्याच क्षणी झोळीतून धार लागते. मग काटा पुसा, झोळी वाळत घाला, रांग थांबवा. वजनाचा ठिपका तक्त्यावर पडतो, हिरव्या पट्ट्यात नाहीतर पिवळ्यात.

बाळाला घेऊन आलेली थोरली हे सगळं बघत दाराशी उभी असते. आई लावणीला गेलेली. तिलाही काट्याला लटकून बघायचं असतं. काटा पंचवीस किलोपर्यंत जातो, म्हणजे तिचंही वजन त्यात मावेल. ‘बाई, माझं?’ ती विचारते. सेविका रजिस्टर चाळते. त्यात जन्मापासून सहा वर्षांपर्यंतची मुलं आहेत, गरोदर बाया आहेत, बाळंतिणी आहेत, मोठ्या किशोरी आहेत. ही आठ वर्षांची. तिच्यासाठी रकाना नाही. सेविका पेन मिटते आणि ओलं बाळ पुसून तिच्या हातात देते.